कारणांची वही

४ फेब्रुवारी, दुपारी तीन

लेक सहा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. शाळेला कसलीशी सुट्टी होती, घरी सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून मी तिला ऑफिसात घेऊन गेले. रंगाच्या कंपनीत मी शेड-सेक्शनला होते. नव्या बॅचमधला रंग पट्टीवर लावायचा, वाळू द्यायचा आणि मूळ पट्टीशेजारी धरून बघायचा, हे माझं काम. ती माझ्या टेबलाखाली बसली. टाकून दिलेल्या पट्ट्या मी तिला दिल्या. ती पिवळ्यांची रांग लावत होती, फिकटापासून गडदापर्यंत. नऊ ते पाच. मी बोलले नाही, ती बोलली नाही. संध्याकाळी बसस्टॉपवर माझा हात धरून म्हणाली, आई, आज आपण किती गप्पा मारल्या ना. मी हो म्हणाले. मलाही तसंच वाटत होतं.

आज ते आठवलं, कारण आज आम्ही दोघी पुन्हा तशाच शेजारीशेजारी बसलो होतो, बालविकासाच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात, तासभर, गप्प. पायाशी माझा नातू. खुर्चीच्या पायाची रबरी टोपी काढत होता, घालत होता.

नातवाला आम्ही साहेब म्हणतो. वय दोन वर्षं दहा महिने. हाक मारली तर मोठ्या हुद्द्याच्या माणसासारखे आपल्याच कामात असतात. मान वर करत नाहीत. शब्द एकूण चार, त्यातला एक 'लिफ्ट'. मी आजवर सगळ्यांना सांगत आले, मुलगे उशिराच बोलतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऑटिझम आहे. एप्रिलपासून थेरपी सेंटर. सोळा मार्चला पुन्हा या.

त्या पाऊण तास बोलल्या. मला एकच वाक्य ऐकू आलं. आनुवंशिकतेचा भाग मोठा असतो, पण वातावरणातलेही काही घटक असतात.

वातावरण म्हणजे घर. लेक आणि जावई पलीकडच्या बिल्डिंगमध्ये राहतात, दोघंही नोकरीला, म्हणून साहेब सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा आमच्याकडे. म्हणजे आमचं घर. म्हणजे मी.

एकतीस वर्षं मी बिघडलेल्या बॅचचं कारण शोधून काढलंय. कारण असतंच. कोणीतरी डबा नीट धुतलेला नसतो.

संकल्प: सोळा मार्चच्या आत कारण शोधून पुराव्यासकट डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवणे. त्यासाठी वेगळी वही आणली, दोनशे पानी. ही रोजनिशी माझी, ती वही विज्ञानाची. वहीचं पहिलं पान कोरं सोडलंय. का, ते नंतर.

६ फेब्रुवारी, सकाळी

वहीत रकाने आखले. वस्तू, संशय, पुरावा, निकाल. कॉन्व्हेंटातल्या आमच्या सिस्टर एक रेघ वाकडी आली तरी पूर्ण पान पुन्हा लिहायला लावत. त्यांचे उपकार. रेघा बघत राहाव्या अशा आल्यात.

पहिला संशयित: प्लॅस्टिक. सगळे डबे, बाटल्या, ताटल्या एका गोणीत भरून माळ्यावर टाकल्या. काचेच्या बरण्या आणल्या, एकोणीस.

हे म्हणाले, अगं, जे व्हायचं ते पोटात असताना झालं असेल तर आता डबे बदलून काय होणार? ह्यांनी जन्मभर मुलांना भूगोल शिकवला. कार्यकारणभाव हा त्यांचा प्रांत नाही.

७ फेब्रुवारी

साहेब दूध प्यायले नाहीत. स्टीलचा पेला समोर धरला की तोंड फिरवतात. सवय होईल.

८ फेब्रुवारी

सवय झाली नाही. पेला फेकून दिला. दूध सोफ्यावर, माझ्यावर, वहीवर.

८ फेब्रुवारी, संध्याकाळी

माळ्यावर चढून गोणी सोडली. प्लॅस्टिकचा निळा कप तळाशी होता, अर्थातच. साहेबांनी एका दमात दोन कप दूध संपवलं. वहीत नोंद: निळा कप, पुराव्याअभावी मुक्त.

११ फेब्रुवारी

डासांचं मशीन, ह्यांचं दाढीनंतरचं लोशन, फरशीचं सुगंधी औषध, कपाटातल्या डांबरगोळ्या, सगळं बंद. घराला आता कसलाही वास नाही. मला हे फार आवडलं. खरं तर वास मला कधीच सहन होत नाहीत, बसमध्ये शेजारी कोणी अत्तर लावून बसलं तर मी उतरून चालत जाते. पण ते वेगळं.

ह्यांच्या कपाळावर डासांच्या तीन गाठी. म्हणाले, डासांना तरी आपलं घर मानवलं.

१४ फेब्रुवारी

तळमजल्यावरच्या बाई गुलाबांवर औषध फवारतात. कीटकनाशकांचा संबंध असू शकतो असं मी तीन ठिकाणी वाचलं आहे. वही घेऊन गेले. कोणतं औषध, किती दिवसांनी, आणि तीन वर्षांपूर्वी वारा कोणत्या दिशेने होता?

त्या म्हणाल्या, अहो, बसा तरी, चहा टाकते. मी म्हटलं, चहा नंतर, आधी वारा. मग त्या म्हणाल्या, तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे गुलाब नव्हते, तेव्हा नवरा होता. ते गेल्यावर लावले.

चहा घेतला. काय करणार.

निघताना त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं, लशीमुळे होतं म्हणे हे. तिथे मात्र मी उभी राहिले. म्हटलं, हे लाखो मुलांमध्ये तपासून झालंय आणि साफ खोटं निघालंय. वाचता येत असताना माणसाने असं ऐकीव बोलू नये. पुराव्याशिवाय नुसता संशय घ्यायचा, ही काय रीत आहे?

त्या माझ्या हातातल्या वहीकडे बघत राहिल्या. निरुत्तर केलं.

१८ फेब्रुवारी

हवा शुद्ध करायचं मशीन आणलं. वर आकडा दिसतो. हवा चांगली तर हिरवा, वाईट तर लाल. प्रदूषित हवेचा संबंध इतर बऱ्याच गोष्टींपेक्षा भक्कम मानतात, आणि आमची खिडकी मोठ्या रस्त्यावर उघडते. म्हणजे गुन्हेगार बहुधा हाच.

ह्यांनी कांदा परतायला घेतला तर आकडा तीनशेच्या वर. कांदा बंद. आता स्वयंपाक उकडलेला. हे जेवताना माझ्याकडे बघत नाहीत.

साहेब मात्र मशीनसमोर मांडी घालून बसतात आणि आकडा बदलला की हात हलवतात. आज वीस मिनिटं सलग नजरेला नजर. (मशीनच्या.) वहीत लिहिलं: लक्षणीय सुधारणा.

२१ फेब्रुवारी

जावयांना सहज विचारलं, साहेबांच्या जन्माच्या वेळी तुमचं वय नेमकं किती होतं? म्हणाले, अडतीस, का हो आई? म्हटलं, काही नाही, मोठं वय हाही एक घटक असतो. ते हसले. मग हसायचे थांबले.

नंतर विहीणबाईंना फोन. तुमच्याकडे कोणी कमी बोलणारं, एकलकोंडं, विचित्र सवयींचं? विहीणबाई म्हणाल्या, आमच्याकडे सगळे भरपूर बोलतात, तुम्हाला माहीत आहेच. तुमच्याकडे? मी म्हटलं, छे, आमच्याकडची माणसं अतिशय व्यवस्थित. उदाहरण म्हणून माझंच सांगितलं. जेवण बारा चाळीसला, कपाटातल्या साड्या रंगाच्या क्रमाने, ब्लाउजचं लेबल टोचतं म्हणून आणल्या दिवशीच कापून टाकते. त्या नुसतं म्हणाल्या, बरं.

फोन मीच आटोपता घेतला. त्यांना लागलं असावं.

२६ फेब्रुवारी

फार वाईट दिवस.

केसांत शिसं सापडतं असं वाचलं होतं. साहेबांच्या केसांची एक बट लॅबला पाठवायची, एवढंच. साहेबांना कात्रीचा आवाज चालत नाही हे मला माहीत आहे. मलाच तर माहीत आहे. पण म्हटलं, एक बट. दोन सेकंद.

साहेब तासभर रडले. कान दाबून, पलंगाखाली जाऊन. लेक यायच्या वेळेलाही हुंदके चालूच होते. तिने आधी त्यांना काढलं, मग वही बघितली, मग पाकिटातले केस बघितले. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, आई, आणखी एक टेस्ट, एक जरी, आणि एक एप्रिलपासून तो पूर्ण दिवस डे-केअरला जाईल. सेंटर सुटल्यावर तिथून डे-केअर. इथे नाही.

म्हटलं, अगं, मी त्याच्यासाठीच करतेय. ती म्हणाली, नाही आई, तू कारणासाठी करतेयस.

नऊ ते सहा. साहेबांशिवाय. मी त्या तासांचं काय करायचं असतं?

संकल्प: साहेबांना हातही न लावणे. शब्द दिला.

१ मार्च, दुपारी, साहेब झोपलेत

शब्द साहेबांबद्दल दिला आहे. भिंतीबद्दल नाही.

पहिल्या पानाबद्दल लिहूनच टाकते. इथे, वहीत नाही.

लेक पाचव्या महिन्यात होती, आमच्याकडे राहायला आली होती. तिच्यासाठी मागची खोली रंगवून घेतली. पिवळी. कंपनीतल्या शेवटच्या वर्षी मी स्वतः जुळवलेली शेड. मला स्पष्ट आठवतंय, ताज्या रंगाचा वास, ती नाकाला ओढणी लावून दारात उभी, आणि मी म्हणतेय, बघ तरी, कसा उजेड वाटतो. मी. रंगाच्या कंपनीत एकतीस वर्षं काढलेली बाई. कोणी परक्याने केलं असतं तर मी त्याला वहीत पहिल्या नंबरावर घातलं असतं.

महिनाभर मी तळमजल्यावरचे गुलाब बघतेय, जावयांचं वय बघतेय, आणि रोज त्याच पिवळ्या खोलीत साहेबांना झोपवतेय.

एकदा तपासून टाकावं. शिसं नसेल तर प्रश्न मिटला.

५ मार्च

साहेबांच्या झोपेच्या वेळात पलंगामागची भिंत खरवडली. पोस्टाच्या तिकिटाएवढीच. पण खालचे थर निघायला लागले. पिवळ्याखाली पांढरा, त्याखाली गुलाबी, त्याखाली आम्ही हे घर घ्यायच्या आधीचा कुणाचा तरी हिरवा. मला राहवलं नाही. इतका सुंदर हिरवा. प्लॅस्टरपर्यंत गेले. तिकिटाचं पोस्टकार्ड झालं.

पोपडे पाकिटात भरून वळले तर साहेब उठून बसले होते आणि काहीतरी चघळत होते.

बोट घालून काढलं. अर्धा पोपडा निघाला. हिरवा. मला चावले. अर्धा गेला पोटात.

लेकीला फोन मीच केला. निदान ते तरी केलं.

६ मार्च

साहेबांची रक्ततपासणी. जावयांनी धरलं, लेक बाहेर उभी होती. पोपडे माझ्या जुन्या कंपनीच्या लॅबमध्ये दिले. तिथला केमिस्ट माझ्या हाताखाली शिकलेला. म्हणाला, मॅडम, तुम्हीच आम्हाला सांगायचात ना, जुना रंग कधी कोरडा खरवडू नये म्हणून? म्हटलं, रिपोर्ट कधी मिळेल तेवढं सांग.

१० मार्च

दोन्ही रिपोर्ट आले.

साहेबांचं रक्त ठीक आहे. हे वाक्य मी सकाळपासून अकरा वेळा वाचलं.

पिवळा रंग स्वच्छ, शिसं नाही. तळातल्या हिरव्यात आहे, भरपूर. तीन थरांच्या मागे कित्येक वर्षं गप्प बसलं होतं. त्याला बाहेर काढलं मी. या घरात साहेबांना खरोखर धोका पोचवणारा घटक शोधत होते ना, सापडला. वही हातात घेऊन हिंडत होता.

भिंत ओल्या फडक्याने पुसून घेतली, वर नीट बंद करून घेतली. कारागिराने विचारलं, कुणी उकरली हो? हे म्हणाले, उंदीर.

लेक परवापासून साहेबांना आणत नाही. रजा घेतली आहे. रजा संपली की डे-केअर. बोलली नाही, मेसेज केला.

१२ मार्च, बारा चाळीस

जेवले. मशीनवरचा आकडा नऊ. इतका कमी कधीच नव्हता. हे पलीकडच्या खोलीत रेडिओ लावून बसलेत, आवाज नेहमीपेक्षा मोठा. घर फारच शांत झालं की हे असंच करतात. बंद करा म्हटलं नाही.

१६ मार्च, संध्याकाळी

डॉक्टरीणबाईंनी आम्हालाही बोलावलं होतं, दिवसभर सांभाळणारी माणसं म्हणून. साहेब आणि जावई बाहेर लिफ्टपाशी. आत लेक, हे आणि मी. मी वही नेली, एकशे चार पानं भरलेली.

त्यांनी ती उघडली. पानं उलटत गेल्या. प्लॅस्टिक, डास, गुलाब, वारा, जावयांचं वय. लेक खिडकीबाहेर बघत होती. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजी, यातल्या काही गोष्टी मोठ्या अभ्यासांत दिसतात, हे खरं. हवा, कीटकनाशकं, आईवडिलांचं वय, वेळेआधी जन्म. पण त्या हजारो मुलांच्या घोळक्यात थोडाफार फरक दाखवतात, तोही बहुतेक जन्माआधीचा. एका मुलाला उभं करून, याला यामुळे झालं, असं कोणालाच सांगता येत नाही. मलाही नाही. मग म्हणाल्या, पहिलं पान कोरं का?

मी सांगितलं. पाचवा महिना, पिवळी खोली, वास, ओढणी, सगळं. लेकीकडे न बघता. सिस्टर म्हणायच्या, कबुली पूर्ण वाक्यात द्यावी. मी पूर्ण वाक्यांत दिली. शेवटी म्हटलं, तेव्हा जे काही असेल ते माझ्यामुळे.

मग लेक म्हणाली, आई, काय बोलतेयस? ती खोली तू साहेब तीन महिन्यांचा झाल्यावर रंगवलीस.

म्हटलं, शक्य नाही. मला वास आठवतोय.

ती म्हणाली, वास येईल कुठून? पाचव्या महिन्यात तू पेंटरला बोलावलंस आणि दारातच थांबवलंस, कारण दोन पिवळ्यांमधला कुठला, ते तुझं ठरत नव्हतं. तो ब्रश हातात धरून पाऊण तास उभा. मग गेला. पुढच्या महिन्यात पुन्हा आला, पुन्हा गेला. तुझं ठरेपर्यंत मी बाळंत होऊन आमच्या घरी परत गेले होते.

हे म्हणाले, फोटो आहे माझ्याकडे. आणि मोबाइल काढला. पेंटर शिडीवर, मी खाली दोन्ही हातांत दोन पट्ट्या धरून. तारीख खरंच साहेबांच्या जन्मानंतरची. पेंटरचा चेहरा बघवत नव्हता.

दीड महिना ज्या गुन्ह्याखाली मी वाकले होते, तो माझ्या हातून घडलाच नव्हता. आनंद व्हायला हवा होता. झाला असेलही. पण आधी थोडा अपमानच वाटला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन पिवळ्यांमध्ये आठ महिने?

म्हटलं, अहो, एकात हिरव्याची झाक होती.

त्यांनी एक फॉर्म पुढे ओढला. कुटुंबाची माहिती, मागच्या वेळी अर्धी राहिली होती. विचारू लागल्या, घरात कोणाला ठरलेला क्रम मोडलेला चालत नाही? वास, आवाज, कपड्यांची लेबलं सहन होत नाहीत? एकाच विषयात तासन्‌तास रमणारं कोणी?

मी विचार करत होते. जावयांकडचे एक काका आठवत होते. मान वर केली तर लेक माझ्याकडे बघत होती. हे माझ्याकडे बघत होते. डॉक्टरीणबाई पेन उघडून माझ्याकडे बघत होत्या.

हे म्हणाले, जेवण बारा चाळीस. चौतीस वर्षांत एकदाच बारा त्रेचाळीस झाले होते, माझ्या वडिलांचा फोन आला म्हणून. अजून ऐकतोय.

लेक हसली. फेब्रुवारीपासून पहिल्यांदा. मग तिला हसू आवरेना, मग डोळ्यांतून पाणी आलं, आणि शेवटी नुसतं पाणीच राहिलं. मला तिच्या पाठीवरून हात फिरवायला हवा होता. मी वहीवरची धूळ पुसली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मी कोणाला नाव चिकटवत नाहीये हां आजी, आणि हे सर्दीसारखं कोणी कोणाला दिलंही नाही. घराण्यांत असे धागे असतात, एवढंच. मग पुन्हा वही उघडून म्हणाल्या, रकान्यांच्या बाहेर, समासात, हे बारीक काय लिहिलंय? म्हटलं, काही नाही, साहेबांचं काय काय. कोणत्या आवाजाला कान झाकतात, लिफ्टमध्ये कोणत्या मजल्यावर हसतात, झोप येण्याआधी डावा पाय कसा हलवतात. त्या म्हणाल्या, सेंटरला हेच लागतं. रकाने नको, समास द्या.

१७ मार्च

अत्यंत चुकीचा निष्कर्ष. मला नीटनेटकेपणाची आवड आहे, बस. शिस्त म्हणतात त्याला.

इंटरनेटवर मोठ्या माणसांसाठीची एक चाचणी सापडली. पन्नास प्रश्न. केवळ डॉक्टरीणबाईंचं म्हणणं खोडून काढायला सोडवली. पानाच्या कडा दोन्हीकडे सारख्या नव्हत्या, त्याबद्दल आधी चाचणीवाल्यांना सविस्तर पत्र लिहिलं. मग मार्क बघितले.

आकडा इथे लिहीत नाही.

१९ मार्च

आकड्याबद्दल ह्यांना सांगितलं. पेपरातून डोकं न काढता म्हणाले, मला काय विचारतेस, मी तो आकडा लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यात काढला होता.

मग राहिलात कसे? विचारलं. म्हणाले, जेवण वेळेवर मिळायचं.

२४ मार्च, दुपारी

लेक आली. एकटी. बारा चाळीसला, मुद्दाम. पान वाढलं. (कांदा परतलेला. आकडा दोनशे साठ. बोलले नाही.)

डे-केअरमध्ये साहेबांना तीन दिवस ठेवून बघितलं. दाराशी उभे राहतात. रडत नाहीत, नुसते दाराशी उभे. दुपारी झोपत नाहीत. तिथल्या बाई बिचाऱ्या चांगल्या आहेत, पण अठरा मुलं. लेक म्हणाली, आई, तू त्याला झोपवायचीस कशी?

सांगितलं. पडदा उजवीकडून ओढायचा, डावीकडून नाही. पाठीवर तळवा, पण थोपटायचं नाही, नुसता वजनाने ठेवायचा. गाणं नाही. डावा पाय हलायचा थांबला की अजून दोन मिनिटं, मग हात उचलायचा. ती मोबाइलवर लिहून घेत होती. मध्येच थांबली आणि म्हणाली, मला पण अशीच झोपवायचीस ना गं? म्हटलं, तुला थोपटलेलं आवडायचं नाही. मग दोघी गप्प बसलो. बराच वेळ.

जाताना म्हणाली, सेंटर सकाळी. दुपारी दोन ते पाच तुझ्याकडे. पाचला त्याच्या बाबांना लवकर निघता येईल, ते नेतील. पण वही बंद, आई. कारण शोधणं बंद. तो बॅच नाहीये. बिघडलेला नाहीये तो.

म्हटलं, मी असं कधी म्हटलं?

ती म्हणाली, एकशे चार पानं.

२८ मार्च

विहीणबाईंना फोन केला. म्हटलं, त्या दिवशी मी विचारलं होतं ते आमच्याच बाजूला निघालं. त्या म्हणाल्या, अहो, मला तेव्हाच कळलं होतं, पण तुम्ही इतक्या खुशीत सांगत होतात. मग पन्नास मिनिटं बोलल्या. मी फोन स्पीकरवर ठेवून साड्या लावल्या.

३१ मार्च, सकाळी अकरा

शोधाचा निष्कर्ष: दोन महिने, एक मशीन, एक भोक, आणि मी.

उद्यापासून नवीन वेळापत्रक. आजच वाटणी करून टाकते, म्हणजे उद्या दोनपर्यंत मन रिकामं होईल. हे पान ह्यांच्या हातात देणार आहे. माझं अक्षर त्यांना लागतं, वाचायचा कंटाळा करू नये.

वहीचे समास मी कात्रीने नीट कापून, तारखेप्रमाणे पिनअप करून ठेवलेत. ते सेंटरच्या ताईंना. दुसऱ्या कोणाच्या हातात नको, क्रम बिघडेल. उरलेली मधली पानं रद्दीवाल्याला, त्याने वाचली तर वाचू दे.

हवेचं मशीन खाली वॉचमनला. त्याची केबिन रस्त्याला लागून आहे, दिवसभर गाड्यांचा धूर आत येतो, आणि त्याच्या बायकोला पाचवा महिना आहे. एवढं वाचलं त्यातलं निदान एक वाक्य योग्य माणसाला मिळू दे. तिला भाषण नको, नुसतं प्लग लावून द्या.

काचेच्या बरण्या तळमजल्यावरच्या बाईंना. एक माझ्या हातून फुटली, अठरा राहिल्यात. माफी मी स्वतः मागेन, तुम्ही फक्त बरण्या पोचवा.

लोशन तुम्हाला. पण सकाळी, आणि खिडकीपाशी.

जावयांना त्यांच्या वयाबद्दल काही बोलू नका, मी बोलले तेवढं पुरे. पाचला ते येतील तेव्हा त्यांना बसायला सांगा, लगेच साहेबांना उचलून नेऊ देऊ नका, साहेबांना निघण्याआधी दहा मिनिटं सांगावं लागतं. मलाही.

डॉक्टरीणबाईंना फॉर्म. 'आईची आई' हा रकाना मी स्वतः भरलाय, पूर्ण वाक्यांत, जागा पुरली नाही म्हणून मागे जोडपत्र आहे. त्याची एक प्रत लेकीला. ती हसेल. हसू दे. रडायला लागली तर तिच्या पाठीवर तळवा ठेवा, थोपटू नका.

मला दुपारी दोन ते पाच. त्यातलं एक मिनिटही कोणाला देऊ नका.